आमच्याकडे तीन गाड्या होत्या

दीनानाथ कामथे मला पहिल्यांदा भेटले ते जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या स्टेशनबाहेरच्या बाकावर. अंगात राखाडी लोकरी कोट होता. खांद्यात किंचित सैल, पण कापड उंची. बूट चकचकीत. फोनवर ते सुनेला सांगत होते, “कालच्या पोळ्या होत्या, त्याच खाल्ल्या. तू काळजी करू नकोस.” मराठी कानावर पडलं म्हणून मी शेजारी बसलो.

मी या गावात तरुणपणी शिकाऊ कामगार म्हणून आलो आणि इथेच राहिलो. ओतशाळेत वाळूचे साचे भरले, वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं. पाठ गेली तेव्हा थांबलो. आता रेंटेवर, म्हणजे पेन्शनवर जगतो. इथल्या मोटारींच्या कारखान्यात पुण्या-मुंबईहून आलेले इंजिनियर मला काका म्हणतात. मराठी मंडळाला काही ठोकायचं, जोडायचं असलं की त्यांना माझा नंबर आठवतो.

“मुलाकडे आलात?” मी विचारलं.

“हो. मयुरेश कामथे. ओळखत असाल.”

ओळखत होतो. गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्ये असतो. हुशार मुलगा, बोलायला बेताचा.

“पुण्यात काय करत होता तुम्ही?”

समोरून मालगाडी चालली होती, नव्या कोऱ्या मोटारी लादलेली. ती पूर्ण जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

“ट्रान्सपोर्टमध्ये होतो.”

“स्वतःचं?”

“आमच्याकडे तीन गाड्या होत्या.”

मी मान डोलावली. मंडळात हे वाक्य माझ्याआधीच पोचलं होतं. तीन गाड्यांचे तीन ट्रक झाले, मग ट्रकांची कंपनी झाली. महिन्याभरात दीनानाथकाका एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे निवृत्त मालक होऊन बसले. त्यांनी कुणालाही हे सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाला अडवलंही नव्हतं.

खरं काय ते त्यांनी मला पुढे सांगितलं. ते आधीच लिहितो, म्हणजे पुढचं समजेल.

दीनानाथ सासवडचे. वडील सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचे. हे शाळा सुटल्यावर पेट्रोल पंपावर ट्रक धुवायचे. ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, घाटात ड्रायव्हरच्या शेजारी बसून गाडी शिकले. मग पुण्यात एरंडवण्यात एका कारखानदाराच्या बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून नोकरी लागली. तिथेच त्यांची उमेदीची वर्षं गेली. बंगल्याच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. लग्न तिथेच, मयुरेशचा जन्म तिथलाच, बायको गेली तीही त्याच खोल्यांत.

गाड्या खरोखरच तीन होत्या. एक साहेबांची, एक बाईसाहेबांची, एक पाहुण्यांसाठी. बंगल्यावर काम करणारा माणूस साहेबांची गाडी असं म्हणत नाही. आमची गाडी म्हणतो. आमच्याकडे तीन गाड्या आहेत, आमच्याकडे कुत्रा आहे, आमच्याकडे उद्या पन्नास पानं उठणार आहेत. ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत असतो, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. इथे झाला.

साहेब वाईट नव्हते, असं दीनानाथ नेहमी म्हणत. आजारपणात डॉक्टर पाठवायचे. आपले जुने कोट द्यायचे, तो राखाडी कोटही त्यांचाच. पण हाक मारायचे ती “दिन्या”. वरच्या गॅलरीत येऊन दोन बोटांनी चुटकी वाजवायची आणि ओरडायचं, “दिन्या, गाडी!” मग दीनानाथ ताटावरून उठायचे. हात धुवायचे आणि पळत जायचे. मयुरेश त्याच खोलीत अभ्यास करत बसलेला असायचा. तो मान वर करायचा नाही.

तो मुलगा शिकला, इंजिनियर झाला, जर्मनीला आला. आई गेल्यावर वडिलांना घेऊन आला. फ्रँकफर्टच्या विमानतळावरून घरी येताना गाडी चालवता चालवता म्हणाला, “बाबा, इथे कुणी विचारलं तर ट्रान्सपोर्टमध्ये होतो म्हणा. जास्त सांगायची गरज नाही.”

दीनानाथ “बरं” म्हणाले.

त्या “बरं”ला त्यांनी जपलं. मुलाला शब्द दिला होता, तो मोडायचा नव्हता. त्यांना दुसरी कसली काळजी नव्हती इथे.

मग नाटक आलं.

मंडळात उल्का नावाची मुलगी आहे. सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण जीव नाटकात. तिने टीव्हीवर एक जुना हॉलिवूडचा सिनेमा पाहिला होता. काळा-पांढरा, गाण्यांचा, जर्मनमध्ये बोलणारा. जहाजांच्या कंपनीचा म्हातारा मालक आणि त्याचा तरुण ड्रायव्हर एका दिवसासाठी कपडे बदलतात. मालकाला ड्रायव्हरचं काम येत नाही, ड्रायव्हरला मालकासारखं वागता येत नाही, सगळा गोंधळ. मधूनमधून सगळे नाचतात. शेवटी सगळं उघड होतं आणि कुणीच कुणावर रागावत नाही. संगमरवरी जिन्यावरून हातात हात घालून खाली येतात. मीही तो सिनेमा नंतर पाहिला. जिना छान बांधला होता.

उल्काने दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्याचं मराठी नाटक केलं. गाणी स्वतः रचली. म्हातारा मालक कोण करणार याचा तिला विचारच करावा लागला नाही.

“दीनानाथकाका! तो कोट, ते चालणं, ते कमी बोलणं! काका, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी साहेब दिसता.”

दीनानाथ नको म्हणाले. मयुरेशही म्हणाला, बाबांना गुडघ्याचा त्रास आहे. उल्का ऐकणारी नव्हती.

“मग तूही ये ना. ड्रायव्हर तू कर. बाप-लेक एकत्र, लोकांना मजा येईल.”

नकार द्यायला कारण द्यावं लागतं. दोघांकडे एकच कारण होतं आणि ते सांगायचं नव्हतं.

माझ्याकडे गाडी करायचं काम आलं. प्लायवूडची, एका बाजूने दिसणारी, मागचं दार खरोखर उघडणारी. दार हलकं असलं पाहिजे आणि डुलता कामा नये. बिजागऱ्या कुठे ठोकायच्या यात माझा अख्खा शनिवार गेला. मंडळाची मुलं मदतीला आली, फोटो काढले आणि गेली. दीनानाथ मात्र थांबले. फळी धरली, सरळ आहे का डोळा लावून पाहिलं. धरायला सांगितलं की धरायचे, सोड म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं.

“मग तुम्ही हे काम घेतलंत कशाला?” मी म्हटलं.

“मयुरेशची इथे पत आहे. नको म्हणत राहिलो असतो तर लोक विचारायला लागले असते.”

“आणि करून दाखवताना कळलं तर?”

“साहेब करायचाय ना मला. साहेब येतो. मागच्या आरशात उभा जन्म बघितलाय त्याला.”

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. पहिल्या अंकात ते साहेब होते. दुसऱ्या अंकात ड्रायव्हरचं काम न येणारा साहेब व्हायचं होतं.

तालमी शनिवारी दुपारी, नगरपालिकेच्या छोट्या हॉलमध्ये. दुसरा अंक सुरू झाला. दीनानाथांनी ड्रायव्हरची टोपी घातली, गाडीच्या मागच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. एक हात दाराला, दुसरा हात दाराच्या वरच्या कडेवर उपडा, म्हणजे आत बसणाऱ्याचं डोकं आपटू नये. नजर खाली.

उल्का ओरडली, “काका! फार छान करताय. छान करू नका!”

सगळे हसले.

“तुम्हाला हे येत नाही काका. तुम्ही मालक आहात. कुठलं दार उघडायचं तेच तुम्हाला कळत नाही. आधी तुम्हीच मागे जाऊन बसा. टोपी पाडा. चुका करा ना हो!”

दीनानाथ म्हणाले, “करतो.”

पुन्हा केलं. पुन्हा बरोबर केलं. हात आपोआप वर गेला.

“काका, तुम्ही मागच्या जन्मी ड्रायव्हर होता की काय?” कुणीतरी म्हणालं. मयुरेश कोटाची कड खाजवत उभा होता.

दीनानाथ घरी आरशासमोर चुका करायला शिकले. टोपी उलटी घालायची, काढताना पाडायची, उचलायला वाकलं की दारावर डोकं आपटायचं. नात अन्वी पलंगावर बसून बघायची. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. “नोखमाल, आजोबा!” म्हणजे पुन्हा. ते पुन्हा पाडायचे. येणारं काम हाताने विसरायचं म्हणजे किती कष्ट, हे मी ओतशाळेतही पाहिलं नव्हतं. पंधरा-वीस दिवसांत त्यांनी सगळ्या चुका बसवल्या. ठरल्या जागी, ठरल्या शब्दाला टोपी पडायची.

मयुरेशची अडचण वेगळी होती. दुसऱ्या अंकात तो साहेब, आणि ड्रायव्हर झालेल्या म्हाताऱ्यावर त्याला ओरडायचं होतं. नाटकात म्हाताऱ्याचं ड्रायव्हरचं नाव बाळू. वाक्य होतं, “ए बाळू, कुठे मेला होतास? गाडी आण!”

मयुरेश म्हणाला, “अहो बाळू...”

हॉलमध्ये हशा फुटला.

“अहो काय? बायको आहेस का तू त्याची?” उल्का म्हणाली. “अरे म्हण, अरे! ए म्हण!”

“नाही निघत तोंडातून.”

“गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच तू साहेब वाटत नाहीस. काकांकडे बघ. जन्मजात आहे ते.”

दीनानाथ टोपी हातात धरून म्हणाले, “म्हण रे. नाटक आहे.”

त्याने म्हटलं. पुटपुटला. उल्का म्हणाली, प्रयोगाच्या दिवशी जोर येईल.

दिवाळीच्या आदल्या रविवारी दुपारी प्रयोग झाला. हॉल भरलेला, मागे फराळाची टेबलं, पुढे सतरंजीवर मुलं. पहिला अंक चांगला गेला. दीनानाथ साहेब म्हणून आले तेव्हा शिट्ट्या पडल्या. गाणं झालं, कपड्यांची अदलाबदल झाली, टोपी पडली, हशा आला. मी विंगेत गाडीजवळ होतो. दाराची खालची बिजागरी जरा ढिली झाली होती, तिच्यावर माझं लक्ष होतं.

मयुरेश प्लायवूडच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर आला. समोर एवढी माणसं, मागे संगीत. त्याने हात वर केला, दोन बोटांनी चुटकी वाजवली आणि खणखणीत आवाजात ओरडला, “दिन्या, गाडी!”

बाळू नाही. दिन्या.

आवाज त्याचा नव्हता. मी ते साहेब कधी पाहिले नाहीत, पण तो आवाज त्यांचाच असणार.

दीनानाथ धावले. गुडघ्याचा त्रास असलेला माणूस पळत गेला. दार उघडलं, बाजूला झाले, हात दाराच्या वर गेला, नजर खाली. “जी साहेब,” म्हणाले. नाटकात हे नव्हतं. नाटकात त्यांनी उलट उत्तर द्यायचं होतं, टोपी पाडायची होती, स्वतःच मागे बसायचं होतं. त्यांतलं एकही झालं नाही. ते वाट बघत उभे राहिले. साहेब बसल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही.

मयुरेश जिन्यावर थिजला होता. लोकांना तो विनोदातला विराम वाटला. मग तो उतरला, गाडीपाशी आला आणि वाकून आत बसला. त्याचं डोकं वडिलांच्या तळव्याला लागलं. दीनानाथांनी दार अलगद लावलं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. उल्का माझ्या शेजारी उड्या मारत होती. “काय टायमिंग! काका, बघितलंत? तालमीत हे एकदाही आलं नव्हतं!”

फराळाच्या वेळी दीनानाथांभोवती गर्दी होती. उल्काचे वडील श्यामकांतराव पुण्याहून आले होते, बँकेतून निवृत्त झालेले. मोकळा माणूस. चकलीचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, “कमाल केलीत कामथे! तो दाराच्या वर हात धरलात ना, काय बारीक निरीक्षण! हे कुठे पाहिलंत?”

दीनानाथांनी मयुरेशकडे पाहिलं. तो शेजारीच होता, हातात कागदी ताटली. उत्तर त्याने द्यायचं होतं. शब्द त्याला दिलेला होता, तो सोडवायचा तर त्यानेच सोडवायचा.

मयुरेश म्हणाला, “आमच्याकडे ड्रायव्हर होता ना, काका. त्याचं बघून.”

“दिन्या नाव का त्याचं? वाटलंच मला, एकदम खरं वाटलं ते. असतो कुठे आता?”

दीनानाथ चिवड्यातले शेंगदाणे चमच्याने बाजूला करत होते.

“मुलाकडे असतो,” ते म्हणाले. “परदेशात.”

“अरे वा! ड्रायव्हरचा मुलगा परदेशात! म्हणजे तुम्हीच शिकवलं असणार त्याला.”

“थोडंफार,” दीनानाथ म्हणाले.

श्यामकांतराव त्यांच्या पाठीवर थाप मारून लाडवांकडे गेले. मयुरेशने ताटली टेबलावर ठेवली. ती नीट ठेवली गेली नाही, चिवडा सांडला. तो बाहेर गेला आणि सायकली लावतात तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ऊर्मिला, त्याची बायको, त्याचं जाकीट घेऊन मागोमाग गेली. मी सांडलेला चिवडा गोळा केला. दीनानाथ म्हणाले, “राहू द्या, मी करतो,” आणि खाली वाकले.

पुढचा आठवडाभर ते बाकावर आले नाहीत. ऊर्मिला दुकानात भेटली. म्हणाली, “काका, घरात कुणी कुणाशी भांडत नाहीये, तेच वाईट आहे. मयुरेश बाबांना चहा नेऊन देतो आणि दारातूनच परत येतो.”

“आणि दीनानाथ?”

“ते थँक्यू म्हणतात त्याला. स्वतःच्या मुलाला, चहासाठी.”

त्याच सुमारास झिंडेलफिंगेनच्या मंडळाचं बोलावणं आलं. तिथेही मोटारींचा मोठा कारखाना, तिथेही आपले इंजिनियर. त्यांना नाटक हवं होतं. उल्काने तालीम लावली आणि सगळ्यांना सांगितलं, त्या दिवशीचं “दिन्या, गाडी” तसंच ठेवायचं, बाळू काढून टाकायचा.

तालमीला सगळे गोल उभे होते. मी दाराला नवी बिजागरी बसवत होतो. मयुरेश मध्ये आला. जर्मनमध्ये मीटिंग सुरू करतात तसं म्हणाला, “आल्झो, मला एक सांगायचंय.”

आणि सांगून टाकलं. बाबा ड्रायव्हर होते, बंगल्यावर. गाड्या साहेबांच्या. दिन्या म्हणजे बाबा. त्या दिवशी मी श्यामकांतकाकांना खोटं सांगितलं. बाबांना गप्प राहायला मीच सांगितलं होतं. हे सगळं एका दमात, जमिनीकडे बघत.

मी पेचकस खाली ठेवला, तेवढाच आवाज झाला.

मग सगळे एकदम चांगले वागू लागले. एकाने खुर्ची आणली. “काका, बसा ना, तुम्ही उभे का?” दुसऱ्याने पाणी आणलं. आतापर्यंत तासन् तास उभ्याने तालीम केलेल्या माणसाला चौघे मिळून बसवायला लागले. उल्काच्या डोळ्यांत पाणी होतं. “अय्या काका, मग सांगायचं ना! आम्हाला काही वाटलं नसतं. उलट...” उलट काय, ते तिला सापडेना. मग सापडलं. “उलट आपण भूमिका बदलू या! ड्रायव्हर तुम्हीच करा. तुम्हाला तर येतंच सगळं. किती खरं वाटेल!”

म्हणून झाल्यावर तिला कळलं ती काय म्हणाली ते. तिने हात तोंडावर नेला.

दीनानाथ खुर्चीवर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ते मुलाशी बोलले, पण आवाज सगळ्यांना जाईल असा होता.

“लपवलंस तेव्हा मला विचारलं नाहीस.”

“बाबा...”

“आता सांगितलंस, तेव्हाही नाही विचारलंस.”

“मला वाटलं तुम्हाला हलकं वाटेल.”

“तुला वाटलं का?”

मयुरेशने जमिनीवरची नजर उचलली. मग म्हणाला, “हो.”

“मग ठीक आहे,” दीनानाथ म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. परत आले. “मी गाडी चालवली. त्याची लाज मला पुण्यात कधी वाटली नाही. ती विमानतळावरून येताना पहिल्यांदा कळली. मी म्हटलं, मुलाला वाटतेय तर त्याच्यासाठी आपण बाळगू. बाळगली. आता तुम्ही सगळे ती वाटून घेऊ नका. कामाला लागा.”

“काका, सॉरी,” उल्का म्हणाली. “तुम्हाला नको असेल तर प्रयोगच रद्द...”

“रद्द कशाला? मी साहेबच करणार. टोपी पाडायला शिकण्यात मी वीस दिवस घालवलेत. ते काम दुसऱ्याला देऊ नका.”

तालीम झाली. त्यांनी एकही चूक चुकवली नाही.

झिंडेलफिंगेनला आम्ही भाड्याच्या व्हॅनने गेलो. माझी गाडी सुटी करून मागे टाकली होती. व्हॅनमध्ये एरवी अंताक्षरी चालते, त्या दिवशी नाही. दीनानाथ खिडकीशी बसले होते. कुणी त्यांच्याशी बोललं की फार हळू, जपून बोलायचं, आजारी माणसाशी बोलतात तसं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

हॉल मोठा होता, माणसं अनोळखी. पहिल्या अंकाला ती मनापासून हसली. दुसरा अंक लागला. दीनानाथांनी टोपी उलटी घातली. हशा. पाडली. हशा. दारावर डोकं आपटलं, ते तर त्या दिवसापेक्षाही चांगलं आपटलं. समोरच्या रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मयुरेश जिन्याच्या वरच्या पायरीवर आला. चुटकी वाजवायला हात वर केला. हात तिथेच राहिला. तोंड उघडलं, शब्द आला नाही. दिन्याही नाही आणि बाळूही नाही. विंगेतून उल्का दबक्या आवाजात वाक्य सांगत होती, दोनदा, तीनदा. त्याला ते ऐकू येत होतं हे मला दिसत होतं.

दीनानाथांनी जरा वाट पाहिली. मग वर बघून मोठ्याने म्हणाले, “आलो, आलो! ओरडू नका एवढं!”

कुणीच ओरडलं नव्हतं. हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला. ते लगबगीने गाडीपाशी गेले, चुकीच्या जागी दार शोधलं, सापडल्यावर स्वतःच मागे जाऊन ऐटीत बसले आणि दार ओढून घेतलं. सगळं बसवलं होतं तसं. नाटक पुढे सरकलं.

मी आमच्या माणसांकडे पाहिलं. विंगेत सहा-सात जण उभे होते. एकही हसत नव्हता. उल्का पडद्याच्या दोरीकडे बघत होती. ढोलकीवाला ढोलकीकडे. त्या सगळ्यांनी या जागेला तालमीत पोट धरून हसलेलं मी पाहिलं होतं.

अंक संपला, नाटक संपलं, पडदा पडला. दीनानाथ विंगेत आले, घामाघूम. कपाळावर दाराचा लाल वळ उमटला होता. रुमालाने मान पुसत त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी नजर दिली नाही. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, तीही खाली बघून.

ते माझ्यापाशी आले.

“बाहेरची माणसं हसली,” ते म्हणाले. “आपली का नाही हसली? कुठे कमी पडलं का माझं?”

“नाही,” मी म्हटलं. “काम चोख झालं.”

“मग?”

मी वाकून गाडीचे बोल्ट सैल करायला घेतले. पलीकडे मयुरेश अजून जिन्याच्या वरच्या पायरीवर होता, बसलेला, गुडघ्यांत डोकं घालून. पडद्याच्या पुढे टाळ्या चालूच होत्या. लोक दोघांना बाहेर बोलावत होते. दीनानाथांनी रुमाल खिशात घातला, जिना चढले आणि मुलाच्या शेजारी बसले. पडदा उघडायला कुणी दोरी ओढली नाही.